ढेपवाले साहेब

माझे घरमालक, त्यांना मी काका म्हणायचे, कुठल्याही तलावाच्या पाळीवर चढले की जो पहिला भेटेल त्या माणसाला हात जोडत आणि म्हणत, "नमस्कार जी. ओळखलं का? मी तोच, ढेपवाला." समोरचा तरुण असला तर त्याला काही बोध होत नसे. म्हातारा असला तर त्याचा चेहरा फुलायचा. "अरे बाप्पा, ढेपवाले साहेब! काय मजा यायची जी त्या दिवशी!" मजा हा शब्द आला की काका पाण्याकडे तोंड फिरवायचे. मग थोड्या वेळाने विचारायचे, "पट्टेवाली दिसते का इथं अजून?" उत्तर ठरलेलं असायचं. नाही, आता कुठली.

दिघोरीच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झाले तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. चार वर्षं राहिले. मासे या विषयाशी माझा तोवर काही संबंध नव्हता. लहानपणी घशात काटा अडकल्यापासून मी त्यांच्या वाटेला गेले नव्हते. पण माझ्याकडे स्कूटी होती आणि काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे रविवार आला की मला आपोआप काम लागायचं. "मॅडम, आज जरा कोंढ्याकडे जाऊन येऊ" असं ते अगदी सहज म्हणायचे, कोपऱ्यावरून मीठ आणायचं असल्यासारखं. कोंढा काही जवळ नाही. पण नाही म्हणायला गेलं की ते "बरं बरं" म्हणत आणि सायकल काढत. अर्धवट दिसणारा माणूस सायकल काढतोय हे बघून कोण घरात बसेल? मला वाटतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ढेपेची हकिगत मला काकूंनी सांगितली. काका मासे वाढवणाऱ्या सरकारी खात्यात होते. त्या काळी खात्याचं म्हणणं असं, की गावतलावातले आपले मूळचे मासे बारीक, काटेरी, बाजारात न चालणारे. ते आधी काढून टाकायचे आणि मग रोहू-कटल्याचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडायचं. काढायचे कसे, तर मोहाची ढेप भिजवून पाण्यात फेकायची. मोहाच्या बियांचं तेल निघाल्यावर जो चोथा उरतो तो माशांना विषासारखा लागतो, माणसाला लागत नाही. सकाळी ढेप पडली की दुपारपर्यंत अख्खं तळं उताणं होऊन वर यायचं. मग गाव टोपल्या, पातेली, जुनी लुगडी घेऊन पाण्यात उतरायचं. घरोघरी मासोळी शिजायची, लेकी माहेरी यायच्या, जावई तर न बोलावता यायचे. "पोळ्याले येत नव्हते इतके पाहुने ढेपेले येत," काकू म्हणाल्या. पंधरा-वीस दिवसांत विष मुरून त्याचं खत व्हायचं आणि काका बीज सोडायला पुन्हा हजर.

अशी किती तळी त्यांनी धुऊन काढली ते त्यांनी मला कधी आकड्यात सांगितलं नाही. मात्र स्कूटीवर मागे बसले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हात दाखवत जायचे. "हे माया हातचं. हे भी. ते आंब्यामागचं, ते भी." झाडं लावलेला माणूस आपली झाडं दाखवतो तसं, फक्त आवाज निराळा.

काकांचा स्वभाव सांगायचा तर एवढंच पुरे, की नोकरीत एकदा त्यांना कचेरीत पोचायला उशीर झाला तेव्हा त्यांनी स्वतःलाच कारणे दाखवा नोटीस काढली. साहेब रजेवर होते आणि पदभार काकांकडे होता. नोटिशीला रीतसर उत्तर दिलं. आणि मग 'खुलासा समाधानकारक नाही' असा शेराही स्वतःच मारला. ही गोष्ट खात्यात अजून सांगतात म्हणे. काकूंना ती मुळीच आवडत नसे. काकूंची आई कारध्याला अंथरुणाला खिळली होती तेव्हा काकांची रजा संपली होती. काकू म्हणाल्या, तुम्हीच आजारी आहात असं लिहून द्या आणि चला. काका म्हणाले, मी आजारी नाही. चार दिवसांनी रजा मंजूर झाली आणि ते दोघं कारध्याला पोचले, तेव्हा अंगणात माणसं पांगत होती. हे मला सांगताना काकू तांदूळ निवडत होत्या आणि त्यांचा हात एकदाही थांबला नाही.

या इमानदारीमुळेच पुढचं सगळं झालं. शेजारच्या तालुक्यात त्यांचा एक जोडीदार होता. तो ढेपेची पोती उतरवून घ्यायचा, कागदावर सही करायचा आणि घरी जाऊन झोपायचा. ढेप पुढे गुरांच्या गोठ्याजवळ पडून सडायची. "त्याच्या तलावात आज भी चार-सहा जाती जास्त सापडतात," काका म्हणाले. "माया तालुक्यात नाही. मी काम केलं न!" एवढं बोलून ते हसले. मला हसू आलं नाही. एखाद्या माणसाने आयुष्यभर मन लावून काम केलं याचं वाईट वाटावं, अशी वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

पट्टेवाली हा त्यांचा सगळ्यात मोठा विषय. बोटभर लांबीचा, चपटा मासा. अंगावर तिरपे पट्टे, निळसर आणि तांबूस. गावोगावी तिचं नाव निराळं, म्हणून ते सगळीकडे पट्टेवाली एवढंच म्हणत. गेलेल्या माशांमध्ये इतरही पुष्कळ होते, मग हिच्याच मागे का लागलात, असं मी एकदा विचारलं. आम्ही एका पाळीवर बसलो होतो. त्यांनी काठावरच्या गवताकडे बोट केलं. मग म्हणाले, "हिच्यात नर घर बांधते, मॅडम. तोंडानं फेस काढते, गवताच्या आडोशाले पान्यावर फेसाचं घर करते. अंडे त्याच्यात. अन मंग खाली उभा राहून राखन करते. माय निघून जाते, बाप राह्यते."

एका वर्षी ढेप यायला उशीर झाला होता. पावसाळा लागला होता, माशांची वीण सुरू झाली होती. पण कामाचं उद्दिष्ट होतं आणि काका उद्दिष्ट चुकवणारे नव्हते. ढेप पडली तेव्हा बाकीचे मासे काठाकडे पळाले. काठावरच्या गवतात ठिकठिकाणी फेसाचे पुंजके होते आणि प्रत्येक पुंजक्याखाली पट्टेवालीचा एकेक नर उभा होता. काका गुडघाभर पाण्यात उभं राहून बघत होते. ते नर हलले नाहीत. उलटे झाले ते तिथेच झाले, फेसाखाली.

"मी त्या दिवशी अहवालात लिहिलं, काम समाधानकारक," काका म्हणाले. "झालंच होतं न समाधानकारक."

निवृत्त झाल्यापासून ते हा मासा शोधत होते. त्या जोडीदाराच्या तालुक्यातही तो मिळाला नव्हता. मच्छीमारांच्या जाळ्यात काय आलं ते बघायचे, बाजारात बारीक माशांच्या ढिगापुढे उकिडवे बसायचे, विकणाऱ्या बायकांची बोलणी खायचे. स्वतः मात्र फक्त रोहू आणि कटला खायचे. दोन्ही त्यांना आवडत नसत. "याच्यापाई त्या सगळ्यायले घालवलं, आता हेच खाव लागते," असं म्हणून तोंड वाकडं करत घास घ्यायचे. काकू म्हणायच्या, नका खाऊ मग, वांगी करते. तर म्हणायचे, नाही, वाढ.

एकदा कुठल्याशा विद्यापीठातला एक संशोधक मुलगा त्यांच्याकडे आला होता. कॅमेरा, खिसेच खिसे असलेली पँट, बोलणं मोठं नम्र. त्याने मोबाइलवर पट्टेवालीचा फोटो दाखवला आणि दिलासा दिला, की काका, ही जात काही संपलेली नाही, बंगालकडे भरपूर आहे, शोभेच्या माशांच्या दुकानातही मिळते. काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. म्हणाले, "बंगालात बाया का कमी हायेत? म्हणून आपली माय मेली त रडू नये का मानसानं?" त्या मुलाने मोबाइल खिशात ठेवला. काकूंनी त्याला चहा दिला आणि आत येऊन मला म्हणाल्या, "दुसऱ्याच्या मायबद्दल बोलता येते ह्यायले."

हे सगळं असंच चाललं असतं. पण एका मार्चमध्ये ग्रामपंचायतीच्या फलकावर एक यादी लागली. गावाच्या शिवारातल्या काही बोड्या यंत्राने खोल करून त्यांत मासे पाळण्याची योजना आली होती. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, धानाला पाणी द्यायला बांधलेलं. काकांनी ती यादी मला वाचायला लावली. मी नावं वाचत गेले. एका नावावर ते म्हणाले, "पुन्हा वाचा." मी वाचलं. "आणखी एकदा." मी वैतागले. सही करायला यादी समोर आलेल्या माणसासारखे ते तिथेच उभे राहिले, आणि मग घरी गेले.

त्या रविवारी मी कोंढ्याच्या तयारीत होते. ते म्हणाले, आज जवळच जायचंय. गावाबाहेर दोन-तीन शेतं ओलांडली आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून स्कूटी थांबवायला लावली. समोर एका बांधापलीकडे बोडीची पाळ दिसत होती. ते उतरले आणि बांधावरच बसले.

"इथून पुढं मी कधी गेलो नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. ढेप उशिरा आली त्याच वर्षी या बोडीचीही पाळी होती. नुकतीच रोवणी झाली होती. शेताची मालकीण तरुण विधवा, अंगावर एक तान्हं मूल. तिने सांगितलं की ढेप टाकू देणार नाही. कारण अगदी साधं होतं. ढेप पडली की गाव मासोळ्या धरायला येणार आणि येणार ते तिच्या रोवलेल्या धानातून. "गावभर पाय माया धानातून जातीन, अन मंग वर्षभर खाऊ काय मी? तुमची ढेप?" काकांनी समजावलं, नियम सांगितला. तिने विळा काढला. काका परत फिरले. दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा होता आणि एवढी एकच बोडी उरली होती. त्यांनी लिहिलं: ढेप टाकली, तळं साफ. पुढे लिहिलं: बीज सोडलं. तिच्या वाट्याचं बीज दुसऱ्या तलावात ओतलं.

"नोकरीत एवढं एकच खोटं," काका म्हणाले. "बायकोले भी सांगतलं नाही."

मी म्हटलं, "काका, मग ही एकच बोडी अशी आहे, जिथे तुमची ढेप पडली नाही. तुम्ही सगळा जिल्हा पालथा घातलात आणि घरापासून हाकेच्या अंतरावर ही बघितली नाहीत?" माझा आवाज चढला होता. सगळे रविवार आठवले असणार.

ते बांधावरची माती बोटाने उकरत होते. "इथं नसली त मंग कुठंच नाही, मॅडम," ते म्हणाले. "पाह्यलं नाही तवरक एक जागा होती."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्या क्षणी मला त्यांची फार दया आली आणि थोडा रागही आला. दोन्ही एकाच वेळी येतं तेव्हा काय करायचं ते मला कळत नाही. शेवटी मीच उठले. म्हटलं, चला.

पाळीच्या पलीकडे एक खोपडं होतं. त्याच्या सावलीत एक म्हातारी दोरी वळत बसली होती. तीच ती. काका नेहमीप्रमाणे हात जोडून म्हणाले, "नमस्कार जी, मी तोच..." पण पुढचं बोलायची गरज पडली नाही. तिने मान वर केली आणि म्हणाली, "ओळखलं. आता काहून आले? धान कापनं झालं माया, आता तुडवा पाह्यजे तेवढं."

काकांनी विचारलं, तुमच्या बोडीत पट्टेवाली असते का? तिला नाव कळेना. त्यांनी बोटाने लांबी दाखवली, पट्टे दाखवले, फेसाचं घर सांगितलं. ती ऐकत राहिली. मग खोपड्याच्या छपराकडे हात करून म्हणाली, "ते काय वाळून राहिले."

छपरावर सुपात बारीक मासोळ्या उन्हात घातल्या होत्या. मी सूप खाली काढलं. त्यात निम्म्याहून जास्त पट्टेवाल्या होत्या. वाळून कडक झालेल्या, पण अंगावरचे तिरपे पट्टे मलाही दिसत होते. मी एक उचलून काकांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांशी नेली, मग नाकाशी नेली, मग तशीच मुठीत धरून उभे राहिले. म्हातारी त्यांच्याकडे बघत होती. "घ्या न चार," ती म्हणाली. "तिखट-मीठ लावून भाजा, भाकरीसंगं चांगल्या लागतात. आमी त जलमभर हेच खाऊन राहिलो."

बोडीत पाणी कमी झालं होतं. काठाशी वाकून मी बघितलं तेव्हा गवतात तीन-चार हलताना दिसल्या. मी मोठ्याने सांगत गेले आणि काका पाळीवर बसून ऐकत राहिले. त्यांनी स्वतः पाण्यात बघायचा प्रयत्नही केला नाही.

आता प्रश्न यंत्राचा होता. सातबारा म्हातारीच्या मुलाच्या नावावर. तेव्हाचं तान्हं मूल ते. तो वाईट माणूस नव्हता. बोडी खोल झाली तर उन्हाळी धानालाही पाणी पुरेल, असा त्याचा सरळ हिशोब होता. काकांनी त्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, "साहेब, तुमीच त आयुष्यभर सांगत आले का ह्या मासोळ्या काही कामाच्या नाही."  

मग ग्रामसेवकाकडून एक गोष्ट कळली. योजनेला अट होती: ज्या बोडीत पूर्वी सरकारी बीज सोडल्याची नोंद असेल तिलाच ती लागू. आणि या बोडीची नोंद म्हणजे काकांचाच तो अहवाल. तो खोटा ठरला तर बोडी यादीतून बाहेर. म्हणजे मासा वाचवायचा तर एकच रस्ता होता. एक मेच्या ग्रामसभेत सगळ्या गावापुढे उभं राहून सांगायचं, की मी खोटं लिहिलं होतं.

गावात काकांकडे दुसरं काही नव्हतं. शेत भावांकडे गेलेलं, मूलबाळ नाही, डोळे जात चाललेले. 'ढेपवाले साहेबांनी लिहिलं म्हणजे लिहिलं', एवढीच काय ती कमाई. बांधांच्या भांडणात त्यांना साक्षीला बोलवायचे ते त्यासाठीच. ते आठवडाभर जेवले नाहीत धड. शेवटी आदल्या दिवशी त्यांनी काकूंना सांगितलं. मी माझ्या खोलीत वह्या तपासत होते, मधलं दार उघडं होतं.

काकूंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अजी, एक खोटं लिहाचंच होतं त माया मायच्या बखती काहून नाही लिहिलं?"

 काकू रडत होत्या की काय ते मला भिंतीआडून कळलं नाही. मी लाल पेन खाली ठेवलं आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

ग्रामसभेला काकूही आल्या. बायकांच्या बाजूला, मागे, भिंतीला टेकून बसल्या. सरपंचबाईंनी यादी वाचली. म्हातारीच्या मुलाचं नाव आलं आणि काका उभे राहिले. कागद आणला होता पण तो त्यांना दिसत नव्हता. "ह्या बोडीत ढेप टाकली असं मी लिहिलं," ते म्हणाले. "बीज सोडलं असं भी लिहिलं. दोन्ही खोटं हाये. मी त्या पान्याले हात लावला नव्हता."

 मग कोणीतरी हसलं आणि सगळी सभा हसायला लागली. "साहेब, तुमी अन खोटं?" "उन्हातान्हात फिरून राहिले न, डोक्यात ऊन गेलं." "स्वतःले नोटीस काढनारा मानूस तो, तो कायले खोटं लिहीन!" ग्रामसेवक तरुण होता आणि सभ्य होता. तो म्हणाला, साहेब, तुमच्या हातची नोंद म्हणजे आमच्यासाठी शिक्का आहे, वय झालं की आठवणीत अशी गफलत होते, तुम्ही बसा. काकांनी पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा सगळ्यांनी त्यांना आदराने बसायला सांगितलं. एकाने पाणी आणून दिलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आवाज फाटला. इतकी वर्षं जपलेलं नाव असं त्यांच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं होतं आणि त्यांना तिथून पुढे जाता येईना. मी उठून काहीतरी म्हणणार होते, पण मी काल आलेली भाडेकरीण. माझं कोण ऐकणार?

तेवढ्यात बायकांतून म्हातारी उभी राहिली.

"तो लबाड हाये," ती म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"पक्का लबाड हाये. मी इळा काढला त पयाला. चिखलात एक चप्पल राह्यली त्याची, ते भी घ्याले आला नाही. कोनती ढेप अन कोनतं बीज? एक चिमूट नाही टाकली. मले इचारा न, मी होती तथी!"

"आई, खाली बस," मुलगा ओरडला.

"तू गप. तू तवा दूध पीत होता." ती सभेकडे वळली. "सगळे म्हनतात साहेब खरा मानूस, साहेब खरा मानूस. खोटं लिहिलं त्यानं. मी सांगून राहिली न!"

आता लोक हसले ते वेगळं. एवढी साक्ष आणि तीही मालकाच्या आईची. ग्रामसेवकाला पेन काढावंच लागलं. काका उभेच होते. त्यांनी म्हातारीकडे तोंड करून हात जोडले. "हो बाई," ते म्हणाले. "खोटंच लिहिलं मी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. भर सभेत लबाड म्हटल्यावर माणसाला एवढं मोकळं झालेलं मी पाहिलं नव्हतं. मलाही रडू आलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

बोडी यादीतून निघाली. यंत्र दुसऱ्या शेतात गेलं. मुलगा आठ-दहा दिवस आईशी बोलला नाही. काकांना पुढे कुणी बांधाच्या साक्षीला बोलावलं नाही. आणि काकू दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर शेजारणीला म्हणाल्या, "आमचे हे चप्पल सोडून पयाले होते म्हने!" आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांची बादली भरून वाहायला लागली. चार वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं ते तेवढंच.

मे महिन्यात पाणी आणखी ओसरलं तेव्हा आम्ही बोडीवर गेलो. म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी राहून टोपल्याने मासोळ्या काढत होती. वाळवणाचे दिवस होते. काका पाळीवर थांबले आणि धीर करून म्हणाले, "बाई, एक विनंती होती. पट्टेवाल्या तेवढ्या नोको धरू. बाकीच्या धरा. त्या तेवढ्या सोडून द्या पान्यात."

म्हातारी टोपलं कमरेला लावून वर आली. तिने काकांकडे पाहिलं. रागाने नाही, तिला खरंच विचारायचं होतं.

"तुमी ढेप टाकत होते तवा निवडून टाकत होते का जी?"

काका खाली बसले. त्यांची मान झुकली ती वर येईना. मला वाटलं, आता यांना घरी न्यावं. म्हातारीने ते ओलं, आत तडफडणारं टोपलं त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

"घ्या," ती म्हणाली, "निवडा आता. लवकर निवडा, मरून जातीन."